म्हणे, एकटा!

मानेवर गोंदवून घ्यायला जगात दुसरं काही उरलंच नव्हतं का? फुलपाखरं आहेत, ओम आहे, आईबापांची नावं आहेत. ते सगळं सोडून लोक गोंदवतात काय, तर 'ब्रँड ऑफ सॅक्रिफाइस'. ही खूण मूळ गोष्टीत कशासाठी आहे ते ऐकलंत तर तोंडात बोटं घालाल. हा माणूस बळी म्हणून सोडलाय, अंधार पडला की या आणि खा, असं सैतानांना दिलेलं ते उघड आवतण आहे. भुतंखेतं जवळ आली की ती खूण ठणकते आणि तिच्यातून रक्त येतं. जिच्यापायी गोष्टीतल्या बिचाऱ्या नायकाला एक रात्र धड झोप मिळाली नाही, ती खूण शिकलीसवरलेली, चांगल्या घरची पोरं स्वतःच्या पैशाने आणि हौसेने अंगावर टोचून घेतात. वर फोटो काढून चारचौघांत मिरवतात!

आणि हे सगळं कोणापायी? एका काळ्या झग्यातल्या, एक डोळा मिटलेल्या, सदा वैतागलेल्या तलवारबाजापायी. त्याचं नाव गट्स. 'बर्सर्क' या जपानी मांगाचा, म्हणजे चित्रकथेचा, नायक. केंतारो मिउरा नावाच्या चित्रकाराने १९८९ साली 'अ‍ॅनिमल हाऊस' या मासिकात त्याची गोष्ट क्रमशः सुरू केली, १९९२ पासून ती 'यंग अ‍ॅनिमल'मध्ये गेली, आणि अजून संपलेली नाही. २०२१ पर्यंत तिच्या प्रती पाच कोटींवर गेल्या होत्या. पाच कोटी! म्हणजे लहान पोरांचा नाद म्हणून सोडून द्यायचीही सोय नाही. ज्यांनी पहिलं प्रकरण कॉलेजात वाचलं, त्यांची मुलं आता कॉलेजात जायच्या वयाची झालीत, आणि बापलेक दोघं मिळून पुढच्या अंकाची वाट बघतायत.

बरं, हा गट्स कुणी राजबिंडा असता तरी समजून घेतलं असतं. पण स्थळ म्हणून कुणी त्याचा कागद पुढे केला तर मध्यस्थालाच घराबाहेर काढाल. जन्म: फाशी दिलेल्या बाईच्या प्रेताच्या पोटातून, झाडाखालच्या चिखलात. शिक्षण: तलवार. व्यवसाय: आधी भाडोत्री सैनिक, नंतर सूड. उजवा डोळा गेलेला. डावा हात कोपराखालून नाही. त्या जागी लोखंडी हात, मुठीत तलवार घट्ट धरायला लोहचुंबक, आणि आत चक्क तोफ. पत्ता नाही. मालमत्ता म्हणाल तर एक तलवार. आणि रात्री घरी पाहुणे येतात, ते आधीच सांगितले. असं असूनही त्याच्यावर जीव टाकणाऱ्या मुली आहेत, मुलगे तर कितीतरी जास्त आहेत, आणि सगळे शपथेवर सांगतात की त्याला समजून घेणारं जगात आपल्याशिवाय कुणी नाही.

त्या तलवारीबद्दल बोललंच पाहिजे. तिचं नाव 'ड्रॅगनस्लेअर'. माणसाच्या उंचीहून लांब, दाराच्या फळीइतकी रुंद. गोडो नावाच्या म्हाताऱ्या लोहाराकडे कधीकाळी राजाने ड्रॅगन मारता येईल अशी तलवार मागितली होती. राजाला हवी होती भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू. गोडो पडला शब्दाचा पक्का. त्याने खरोखरच ड्रॅगन मरेल असलं धूड घडवलं. ते उचलणारा माणूसच पृथ्वीवर नव्हता, राजाची मर्जी गेली ती गेलीच, आणि तलवार कोठारात धूळ खात पडली. मग एके रात्री गट्सच्या हातातली साधी तलवार एका राक्षसावर मोडली आणि त्याच्या हाताला कोठारातलं हे लागलं. आता कुठल्याही कॉमिक कॉनला जा, टोकियोच्या नाहीतर मुंबईच्या, फोम आणि पुठ्ठ्याचा तो पहाड खांद्यावर टाकून एखादा पोरगा घामाघूम होऊन रांगेत उभा दिसायचाच. दारातून आत शिरताना आडवी करावी की उभी, हे त्याला ठरवता येत नाही. मागचे सगळे खोळंबतात, पण चिडत मात्र कुणी नाही. उलट फोटोसाठी विनवण्या करतात.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढे जरा जपून. मांगा हातात घेणाऱ्याला कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते: ही मुलांच्या हाती द्यायची गोष्ट नाही. गट्सला ज्याने वाढवलं तो गँबिनो नावाचा भाडोत्री सैनिक. त्याने या पोराला एका रात्रीसाठी तीन चांदीच्या नाण्यांना दुसऱ्या सैनिकाच्या हवाली केलं. पुढे कोणी खांद्यावर साधा हात ठेवला तरी हा माणूस अंग का चोरतो, त्याचं उत्तर त्या रात्रीत आहे. मिउराने ते पानोपानी सांगितलेलं नाही. गट्स मोठा झाल्यावरही हात लावणाऱ्याकडे कसा बघतो, एवढंच तो पुन्हा पुन्हा काढत राहिला. या जागी माझी चेष्टा बंद पडते.

चेष्टेला पुन्हा तोंड फुटतं ते ग्रिफिथपाशी. अहो, खरं प्रकरण तर तेच आहे! पांढऱ्या केसांचा, बाईलाही लाजवेल असा देखणा, 'बँड ऑफ द हॉक' या टोळीचा तरुण म्होरक्या. द्वंद्वात गट्सला हरवून त्याने त्याला आपल्या टोळीत ओढून आणलं, आणि वर तोंडावर सांगितलं, आता तू माझा. तिथून जे सुरू झालं त्याला मैत्री म्हणावं, मोहिनी म्हणावी की आणखी काही, यावर तीस वर्षं चर्चा चालली आहे. मिउराने स्वतः मुलाखतीत सांगून ठेवलंय की टोळीतल्या या नात्यांमागे त्याच्या शाळेतले मित्र आहेत. झालं! तेव्हापासून लोक त्याच्या वर्गातल्या मुलांमध्ये ग्रिफिथ कोण, हेही हुडकायला लागले.

या दोघांचं बिनसलं कशावरून, ते मात्र जवळून बघण्यासारखं आहे. ग्रिफिथच्या सांगण्यावरून गट्स एका सरदाराचा खून करायला जातो. खून होतो, आणि अंधारात दार उघडून आलेला त्या सरदाराचा लहान मुलगाही त्याच्या तलवारीखाली येतो. गट्स जखमी, रक्ताने माखलेला, गटारातून पळत सुटतो. मन कुणापाशी तरी मोकळं करावं म्हणून मित्राला शोधत राजवाड्यापाशी येतो. तिथे कारंज्याजवळ ग्रिफिथ राजकन्येला समजावून सांगत असतो की आपण मित्र कुणाला म्हणू. ज्याचं स्वतःचं स्वप्न आहे, जो दुसऱ्याच्या स्वप्नावर जगत नाही, जो आपल्या बरोबरीचा आहे, त्याला. गट्स पायऱ्यांवरून हे ऐकतो. काही बोलत नाही. पण त्या रात्री त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच: आपण याच्या बरोबरीचे नाही, तर व्हायला हवं, आणि त्यासाठी इथून निघायला हवं.

मग तो निघतो, बर्फात. ग्रिफिथ वाट अडवतो. एकच वार होतो आणि ग्रिफिथची तलवार मोडते. एवढ्यात मिटलं असतं. पण त्याच रात्री साहेब राजकन्येच्या दालनात शिरतात, सापडतात, आणि वर्षभर अंधारकोठडीत त्यांचे असे हाल होतात की बाहेर येतात ते जीभ छाटलेले, हातापायांच्या नसा कापलेले. एका माणसाने नोकरी सोडली आणि सबंध राज्य गोत्यात आलं! यावर 'ग्रिफिथचं काही चुकलं नाही' असं म्हणणारा एक मोठा पंथ आहे. टी-शर्ट घालून फिरतात. काही जण थट्टेत म्हणतात, काही जण थट्टेचा आव आणून म्हणतात. कारण पुढे 'एक्लिप्स' येतं. ग्रिफिथ आपलं तुटलेलं स्वप्न परत मिळवायला सबंध टोळीचा सैतानांना बळी देतो, आणि कास्कावर, गट्सच्या प्रियेवर, जे करतो ते गट्सच्या डोळ्यांदेखत करतो. राक्षसाच्या जबड्यात अडकलेला स्वतःचा हात गट्स स्वतः तोडून टाकतो आणि तरी वेळेवर पोचत नाही. कास्काची शुद्ध हरपते. टी-शर्टवाल्यांनी तेवढी पानं चिकटवून ठेवली असावीत.

त्याच सुमाराचं आणखी एक कुजबुजण्याजोगं प्रकरण आहे. शब्दशः प्रकरणच! त्र्याऐंशीवं. १९९६ साली ते मासिकात छापलं गेलं. त्यात या जगाच्या मुळाशी कोण बसलंय ते मिउराने दाखवून टाकलं. मग त्यालाच वाटलं की हे फार लवकर आणि फार जास्त सांगून झालं. पुस्तकात ते घेऊ नका, असं त्याने सांगितलं. पुस्तकात ते नाही. त्यामुळे अर्थातच ते प्रत्येकाने वाचलेलं आहे.

आता माझी खरी तक्रार. गट्सच्या नावाने जे छोटे व्हिडिओ फिरतात ते बघा. व्यायामशाळेत वजनं उचलणाऱ्याच्या मागे सुसुमु हिरासावाची ती १९९७ च्या अ‍ॅनिमेतली उदास धून, मध्येच तलवार, मध्येच काळा झगा, आणि खाली असा मजकूर की खरा पुरुष एकटाच चालतो, त्याला कुणाची गरज नसते. अरे, पण तुम्ही पुस्तक उघडलंत का? एक्लिप्सनंतर गट्स दोन वर्षं एकटा हिंडला, राक्षस मारत, आणि तेही पूर्ण एकटा नाहीच. पक नावाचं एक तळहाताएवढं बडबडं परीपोर त्याच्या मागे लागलेलं होतंच. या एकटेपणाबद्दल तो गोडो लोहार त्याला काय सुनावतो? त्याच्याच झोपडीत, तोंडावर: तू सूड घ्यायला गेलास, कारण तुला दुःखाकडे बघवत नव्हतं. जी जिवंत उरली होती, जिला तुझी गरज होती, तिला इथे गुहेत ठेवून तू पळालास. त्या काळ्या झग्याचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाला आधी हे पान वाचायला लावलं पाहिजे. पुस्तकच आपल्या नायकाचा एकटेपणा ही त्याची चूक आहे असं सांगतंय, आणि हे लोक तेच भित्तिचित्र करून टांगतायत!

आणि चूक दुरुस्त करायला गट्स निघतो तेव्हा काय होतं बघा. कास्काला हाताला धरून बर्फातून चालताना त्याच्या लक्षात येतं की आपल्या एकट्याच्याने हे होणार नाही. आपल्या आतलं जनावरच तिच्या जिवावर उठू शकतं. मग मंडळी जमत जातात. फार्नीस, जी पूर्वी धर्मसेनेची म्होरकी म्हणून त्याच्याच मागावर होती. तिचा सावलीसारखा सेर्पिको. तलवार शिकायला आलेला चोरटा इसिद्रो. शिर्के नावाची छोटी जादूगारीण, जी बर्सर्क चिलखत अंगावर चढून गट्स माणूसपण हरवू लागला की त्याच्या मनात शिरून त्याला ओढून परत आणते. गोष्टीचा जवळजवळ अर्धा भाग तो या कुटुंबकबिल्यात आहे. तर चाहते काय म्हणाले असतील? फार मऊ झाला! पूर्वीची मजा राहिली नाही! पकचं डोकं काटेरी चेस्टनटसारखं करून मिउरा विनोद करायला लागला तर काहींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बिचाऱ्याला चार माणसं मिळाली, कधी नव्हे ते शेकोटीपाशी जेवायला बसला, तर यांच्या पोटात दुखतं. दुःखी असेल तेवढाच तो यांचा.

आणि मुलाचं काय? बसा, हे नीट ऐका. कास्काला गट्सपासून दिवस गेलेले असतात. एक्लिप्समध्ये त्या पोटातल्या जिवावर अशी काही विषारी छाया पडते की जन्मतं ते विद्रूप भूत होऊन, आणि अंधारात आईबापांच्या मागे मागे फिरत राहतं. पुढे, एक्लिप्समध्ये सैतान होऊन बसलेला ग्रिफिथ पुन्हा माणसाचा देह धारण करतो तो नेमका या मुलाच्या देहावाटे. म्हणजे बापाचा वैरी मुलाच्या अंगात! मग दर पौर्णिमेच्या आसपास कुठूनसा एक मुका, काळ्या केसांचा मुलगा येतो, कास्काच्या कुशीत झोपतो, गट्सच्या खांद्यावर बसतो, सकाळी नाहीसा होतो. तो कोण, यावर वाचकांनी वर्षानुवर्षं डोकी फोडून घेतली. आपल्याकडच्या मालिकावाल्यांनी हे वाचलं तर तीन हजार भाग काढतील, आणि मला खात्री आहे की पौर्णिमा दर आठवड्याला आणतील.

उत्तर मिळालं, पण कसं मिळालं! ६ मे २०२१ रोजी मिउरा गेला. महाधमनी फाटून. वय ५४. प्रकाशकांनी ही बातमी दोन आठवड्यांनी जाहीर केली. 'फायनल फँटसी १४' या ऑनलाइन खेळातल्या खेळाडूंनी आपापली मोठ्या तलवारीची काळी पात्रं रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना रांगेने उभी केली आणि नुसती उभीच ठेवली. सप्टेंबरात त्याच्या हातचं शेवटचं, ३६४ वं प्रकरण आलं. त्यात पौर्णिमेची रात्र सरते आणि तो मुलगा ग्रिफिथ होतो. वाचकांना इतकी वर्षं जी शंका होती ती खरी ठरली, आणि ती खरी ठरवणारा माणूस आता नव्हता.

त्याआधी २०१८ साली आणखी एक वाट संपली होती. वाचकांच्या हिशेबाने वीसेक वर्षं भान हरपलेली कास्का शुद्धीवर आली. सगळ्या वाचकांनी डोळे पुसायला रुमाल काढले. ती गट्सकडे वळली, त्याचा चेहरा बघितला, आणि एक्लिप्स तिच्या डोक्यात पुन्हा उसळलं. तिला त्याच्याकडे बघवेना. ज्याच्यासाठी त्याने अर्धं जग पालथं घातलं, ते मिळाल्यावर त्याला दाराबाहेर उभं राहावं लागलं.

मधल्या काळातलं जहाजाचं प्रकरण तर सर्वश्रुत आहे. ही मंडळी परीबेटाकडे निघाली म्हणून जहाजात चढली, आणि मासिकाच्या सुट्ट्या, खाडे, पुन्हा सुट्ट्या अशा हिशेबात ती कित्येक वर्षं समुद्रावरच राहिली. खाली उतरेपर्यंत २०१० चं दशक निम्मं सरलं होतं. तोवर जहाजावरून इतके विनोद झाले की खुद्द जहाजालाच वेगळे चाहते मिळाले. मिउरा गाणाऱ्या मुलींचा एक व्हिडिओ गेम खेळण्यात वेळ घालवतो, असं लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. त्याची पानं बघितली म्हणजे मात्र जीभ आवरावी लागते. चिलखताच्या प्रत्येक कडीवर वेगळी रेघ, सैन्यातल्या शेवटच्या रांगेतल्या घोड्यालाही डोळा. हे काम करणारा माणूस कुठला गेम खेळत होता, ते आता कळतंय. २०१६ सालच्या संगणकी अ‍ॅनिमेने त्याच गट्सला लाकडी बाहुल्यासारखं हलवून तलवारीला भांडी पडल्याचा आवाज दिला. त्यावर लोक आजही हसतात, पण हसण्याची वेळ यावी हे दुर्दैव.

आता गोष्ट पुढे कोण नेतंय? मिउराचा शाळेपासूनचा मित्र कौजी मोरी, जो स्वतःही मांगाकार आहे, आणि मिउराच्या हाताखाली घडलेल्या चित्रकारांचा स्टुडिओ गागा. बऱ्याच वर्षांपूर्वी मिउराने मोरीला शेवटापर्यंतची सगळी गोष्ट सांगून ठेवली होती. जून २०२२ मध्ये मोरीने वाचकांना शब्द दिला की मिउराने मला जे सांगितलं तेवढंच मी लिहीन, पदरचं काही घालणार नाही. लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, मित्राने ऋण फेडलं. दुसरा म्हणतो, गुरूच्या हाताशिवाय ही रेघ ती रेघ नव्हे. दोघेही नवा खंड पहिल्या दिवशी विकत घेतात. डार्क हॉर्सच्या जाडजूड काळ्या डीलक्स आवृत्त्या, एकेकीत तीन तीन खंड, किंमत हजारांत, घेणारेही हेच. आणि झोपून वाचताना ते धूड नाकावर पडल्याच्या तक्रारी करणारेही हेच.

आणि मिउरानंतरची खबर हवी असेल तर ही घ्या. ग्रिफिथ कास्काला घेऊन गेला. गट्सची तलवार त्याच्या अंगातून आरपार गेली आणि त्याला काही झालं नाही. परीबेट नाहीसं झालं, गट्स हाय खाऊन बसला, नुसता बसून राहिला, आणि मंडळी पुन्हा जहाजात चढली! लोकांनी कपाळावर हात मारून घेतले. या खेपेला जहाज कुशाण साम्राज्याच्या सैनिकांच्या हाती सापडलं, गट्स कैदेत पडला, तलवार काढून घेतली गेली. तो कधी उठणार, यावर पैजा लागल्या. पुढचं प्रकरण कधी येणार, हे मात्र कुणाला विचारू नका. त्यावरून चांगल्या चांगल्या मित्रांमध्ये बोलणं बंद झालंय.